‘कामगार’ कोण आणि ‘मालक’ कोण? : मनुष्यबळ व्यवस्थापनापुढील व्याख्यांचा प्रश्न – एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ : बावधन-मुळशी परिसर)

सारांश

कामगार कायदे संख्येने फार आहेत, ते शिस्त राखू देत नाहीत आणि उद्योगाच्या वाढीस मारक ठरतात, अशी तक्रार उद्योजक व मनुष्यबळ व्यवस्थापक नेहमी करतात. प्रस्तुत लेखात या तक्रारीची चिकित्सा केली आहे. अडचणीचे मूळ कायद्यांच्या संख्येत नसून ‘कामगार’ आणि ‘मालक’ या दोन शब्दांच्या परस्परविसंगत व्याख्यांत आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. एकच व्यक्ती एका नोंदवहीत ‘आपली’ आणि दुसऱ्या नोंदवहीत ‘परकी’ ठरते. या विसंगतीचा उपयोग जबाबदारी टाळण्यासाठी होतो व त्याची किंमत कष्टकऱ्यांना मोजावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रम संहितांनी हा प्रश्न कितपत सोडवला, याचाही येथे विचार केला आहे.

बीजशब्द : कामगार, मालक, कंत्राटी कामगार, अनुचित कामगार प्रथा, मनुष्यबळ व्यवस्थापन, श्रम संहिता.

१. प्रस्तावना

पुणे शहराच्या पश्चिमेस, मुंबई-बंगळूर महामार्ग आणि पौड रस्ता जेथे मिळतात त्या चांदणी चौकालगत बावधन वसलेले आहे. मुळशी तालुक्यातील बावधन बुद्रुक हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. कामगार कायद्याच्या अभ्यासकाला या गावाचे स्थान बोलके वाटावे असे आहे. येथून महामार्गाने उत्तरेस गेले की हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान लागते. पौड रस्त्याने पश्चिमेस गेले की भूगाव, भुकूम ओलांडून पिरंगुट व त्याच्या आसपासचा कारखान्यांचा पट्टा सुरू होतो. १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या मुळशी सत्याग्रहामुळे हा तालुका देशाला माहीत झाला. उद्योगाची गरज आणि स्थानिक माणसाचा हक्क यांतील संघर्ष येथे नवा नाही. केवळ त्याचे रूप बदलले आहे.

हिंजवडीतील संगणक अभियंत्याचा प्रश्न असा की तो कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ आहे काय. पिरंगुट पट्ट्यातील कंत्राटी मजुराचा प्रश्न असा की त्याचा ‘मालक’ कोण. बावधनच्या दोन बाजूंना हे दोन प्रश्न उभे आहेत आणि मनुष्यबळ व्यवस्थापकाची बहुतेक कायदेशीर डोकेदुखी याच दोन प्रश्नांतून निर्माण होते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

(अ) ‘कामगार’ व ‘मालक’ या संज्ञांच्या विविध कायद्यांतील व्याख्यांची तुलना करणे. (ब) महाराष्ट्र व गोव्यातून उद्भवलेल्या महत्त्वाच्या न्यायनिर्णयांच्या आधारे या व्याख्यांचे परिणाम तपासणे. (क) नव्या श्रम संहितांचे या दृष्टीने मूल्यमापन करणे.

सदर अभ्यास विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो अधिनियम, न्यायनिर्णय व सार्वजनिक नोंदीतील घटना यांवर आधारलेला आहे.

३. ‘कामगार’ कोण?

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २(एस) मध्ये कामगाराची व्याख्या कामाच्या स्वरूपावरून केली होती. अंगमेहनतीचे, अकुशल, कुशल, तांत्रिक, प्रचालनात्मक, लेखनिकी किंवा पर्यवेक्षकीय काम करणारा तो कामगार होय. व्यवस्थापकीय व प्रशासकीय काम करणारे त्यातून वगळले होते. पर्यवेक्षकाच्या बाबतीत वेतनाची मर्यादा होती. ती २०१० मध्ये १,६०० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ती १८,००० रुपये आहे.

या व्याख्येचा सर्वांत मार्मिक परिणाम महाविद्यालयीन वाचकांच्या स्वतःच्या व्यवसायाशी निगडित आहे. १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ‘उद्योग’ या संज्ञेचा व्यापक अर्थ लावला व शिक्षणसंस्थाही त्यात आणल्या. त्यानंतर गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेने आपल्या सेवासमाप्तीविरुद्ध दाद मागितली. १९८८ च्या सुंदरंबाळ निवाड्यात न्यायालयाने सांगितले की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा कामगार नव्हे. कारण अध्यापन हे व्याख्येतील कोणत्याच प्रकारात बसत नाही. तात्पर्य, त्याच शाळेतील लिपिक व शिपाई कामगार ठरतात आणि वर्गात उभा राहणारा शिक्षक ठरत नाही. महाराष्ट्रात शिक्षकांसाठी शाळा न्यायाधिकरण आणि विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण असे स्वतंत्र मार्ग आहेत, हे खरे. परंतु तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या अध्यापकाची अवस्था पाहता, ‘कामगार’ या शब्दाबाहेर राहणे हा सन्मान आहे की तोटा, याचा विचार शिक्षकवर्गाने करावयास हवा.

हीच व्याख्या १९९४ च्या सॅण्डोझ निवाड्यात औषध कंपन्यांच्या वैद्यकीय प्रतिनिधींना लागू करण्यात आली. केवळ व्यवस्थापक नसणे पुरेसे नाही; व्याख्येत नमूद केलेल्या प्रकारांपैकी एखादे काम केले जात आहे हे दाखवावे लागते, असे पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले. दुसऱ्या बाजूस, १९८५ च्या सिबा गायगी निवाड्यात न्यायालयाने पदनामाला महत्त्व दिले नाही. प्रमुख काम कोणते, ते पाहावे, असे म्हटले. पत्रिकेवर काहीही छापलेले असो, दिवसभर जो लेखनिकी काम करतो तो कामगारच.

हिंजवडीच्या संदर्भात हे दोन्ही निवाडे एकत्र वाचावे लागतात. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या अभियंत्याचे काम ‘तांत्रिक’ नव्हे, असे म्हणणे अवघड आहे. तरीही ‘लीड’, ‘मॅनेजर’, ‘कन्सल्टंट’ अशी पदनामे सढळ हाताने दिली जातात आणि अशी पदे धारण करणारे आपणांस कामगार कायदा लागू नाही, असे स्वतःच मानू लागतात. अशा कर्मचाऱ्याला कपातीच्या वेळी बहुधा काढले जात नाही. त्याच्याकडून राजीनामा मागितला जातो. स्वेच्छेने दिलेला राजीनामा ही कपात ठरत नसल्याने एक महिन्याची नोटीस, प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई आणि शासनास कळवणे या तिन्ही बाबी टळतात. २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जगभरातील सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्यातील माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे धाव घेतली. ‘आम्ही कामगार आहोत’ हे वाक्य उच्चारण्यास या वर्गाला दोन दशके लागली, हे लक्षणीय आहे.

४. ‘मालक’ कोण?

पिरंगुट पट्ट्यातील प्रश्न याच्या उलट आहे. येथे काम अंगमेहनतीचे असते. कामगारपणाविषयी वाद नसतो. वाद असतो तो मालकाविषयी. ठेकेदाराने आणलेली एक स्त्री कारखान्यात वेष्टनाचे काम करते, असे उदाहरण घेऊ. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार ती त्या कारखान्याची कामगार होय. कारण ठेकेदारामार्फत आणि मुख्य मालकाच्या नकळत कामावर घेतलेली व्यक्तीही त्या व्याख्येत येते. राज्य विमा व भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यांनी तिच्या वर्गणीची अंतिम जबाबदारी मुख्य मालकावर टाकली. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० नुसार ठेकेदाराने वेतन बुडवल्यास ते मुख्य मालकाने द्यावयाचे. मात्र तिला कामावरून दूर केले की ती त्या कारखान्याची कोणीही नसते. एकाच हजेरीपटाचे हे चार वेगवेगळे अर्थ होत.

न्यायनिर्णयांचा प्रवासही असाच हेलकावे खात झालेला दिसतो. १९६० मध्ये मुंबईच्या स्टॅण्डर्ड व्हॅक्युम तेलशुद्धीकरण कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नित्याच्या साफसफाईच्या कामावर कंत्राटी मजूर न ठेवता कायम कामगार नेमण्याचा निर्देश उचलून धरला. पुढे एअर इंडिया निवाड्याने असे ठरवले की कंत्राटी पद्धतीवर शासनाने बंदी घातली की ते कामगार मुख्य मालकाकडे आपोआप सामावले जातात. २००१ च्या स्टील ऑथॉरिटी निवाड्याने ते मत फिरवले. आता कंत्राट केवळ मुलामा आहे, हे कामगाराने सिद्ध करावयाचे. मुलाम्याचे सर्व कागद मात्र मालकाच्या व ठेकेदाराच्या कपाटात असतात.

याच वर्षी महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचे दोन निर्णय झाले. महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१ हा राज्याचा वैशिष्ट्यपूर्ण कायदा होय. त्यात कामगाराला शासनाच्या अभिनिर्देशाची वाट न पाहता थेट न्यायालयात जाता येते. त्याच्या चौथ्या अनुसूचीतील सहाव्या बाबीनुसार, कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने एखाद्यास वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता ठेवणे ही अनुचित प्रथा आहे. परंतु कल्याणी स्टील्सच्या उपाहारगृहातील कामगारांच्या प्रकरणात आणि सिप्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मालक-कामगार नातेच वादग्रस्त असेल तर या कायद्याखाली तक्रार चालणार नाही. ते नाते आधी योग्य मंचासमोर सिद्ध करून यावे. या निर्णयांमागील तर्क कायद्याच्या चौकटीत सुसंगत आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याचा व्यवहारातील परिणाम असा की ‘हा आमचा माणूस नव्हे’ एवढे म्हटले की मालकास दारातच संरक्षण मिळते. नाते नाकारणे हीच सर्वांत मोठी अनुचित प्रथा असताना, तीच न्यायालयाचे दार बंद करण्याची किल्ली ठरते.

२००९ मध्ये राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात न्यायालयाने सहाव्या बाबीचे सामर्थ्य पुन्हा अधोरेखित केले. २००६ च्या उमादेवी निवाड्यामुळे औद्योगिक न्यायालयाचे अनुचित प्रथेविरुद्धचे अधिकार संपत नाहीत, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. हा दिलासा थेट नेमलेल्या तात्पुरत्या कामगारांना आहे. ठेकेदारामार्फत आलेल्याला तो मिळत नाही. म्हणूनच बाराही महिने चालणाऱ्या कामासाठी थेट तात्पुरती नेमणूक करण्याऐवजी ठेकेदार आणणे मनुष्यबळ विभागास सोयीचे वाटते. जेथे थेट नेमणूक होते तेथे सलग २४० दिवस भरू नयेत म्हणून ‘ब्रेक’ दिला जातो. महाविद्यालयांतील तात्पुरत्या नेमणुकांचे वेळापत्रक ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही पद्धत अपरिचित नाही.

५. उरवडे, ७ जून २०२१

व्याख्यांचा हा प्रश्न केवळ न्यायालयीन चर्चेचा नाही. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथील एका रासायनिक कारखान्यास आग लागून १७ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य महिला होत्या. करोनाकाळात निर्जंतुक द्रव्यांना मागणी असतानाची ही घटना.

अशा प्रसंगी जबाबदार कोण, याचे उत्तर कायद्याने पूर्वीच देऊन ठेवले आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात सुधारणा झाली. कंपनीच्या बाबतीत भोगवटादार हा संचालकच असला पाहिजे, हा तिचा अर्थ १९९६ च्या जे. के. इंडस्ट्रीज निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. म्हणजे सुरक्षिततेची जबाबदारी पगारी व्यवस्थापकाच्या किंवा मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या खांद्यावर उतरवता येत नाही.

या ठिकाणी कायद्याची दोन तोंडे स्पष्ट दिसतात. माणूस कामावर असताना मेला तर तो कारखान्याचा. जिवंतपणी कायम होण्याचा हक्क मागू लागला तर तो ठेकेदाराचा. ही टीका कोणा एका कारखान्यावर नाही, व्याख्येवर आहे. ज्या कायद्याला मृत्यूच्या वेळी नाते ओळखता येते, त्याला ते जिवंतपणी ओळखता येऊ नये, याचे समर्थन कोणत्याही तत्त्वाने करता येत नाही.

६. शिस्तीचा प्रश्न : भारत फोर्ज निवाडा

मालकपक्षाची बाजू मांडताना पुण्यातील भारत फोर्जचा निवाडा हमखास उद्धृत होतो. १९८३ च्या ऑगस्टमध्ये एक कामगार पाळीच्या वेळेत झोपलेला आढळला. यापूर्वीही तीन वेळा त्याच्याकडून गैरवर्तन घडले होते. चौकशी होऊन त्याला बडतर्फ करण्यात आले. १९७१ च्या राज्य अधिनियमाखाली त्याने तक्रार केली. कामगार न्यायालयाने चौकशी योग्य ठरवली, परंतु शिक्षा अतिरेकी मानून त्यास पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. प्रकरण पायरी पायरीने वर गेले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली.

या निवाड्याचे सार ‘झोपल्यास बडतर्फी’ असे एका ओळीत सांगितले जाते. हे वाचन अपुरे आहे. मालक जिंकला तो मागील तीन प्रसंगांची नोंद, रीतसर आरोपपत्र व निर्दोष चौकशी यांच्या बळावर. अधिनियमातील चौथ्या अनुसूचीच्या पहिल्या बाबीने धक्कादायकपणे विषम शिक्षेला अनुचित ठरवले आहे. पण त्यासाठी गैरवर्तनाचे स्वरूप आणि कामगाराचा पूर्वेतिहास पाहावयाचा असतो. पूर्वेतिहास कागदावर होता म्हणून तो पाहता आला. ज्या आस्थापनेत कारणे दाखवा नोटीस तोंडी दिली जाते, तिला या निवाड्याचा आधार मिळणार नाही.

दुसरी बाब विलंबाची. सुमारे २२ वर्षे हा मालकावर अन्याय होता, असे म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. तथापि ज्या कामगाराची बाजू खरी असते त्यालाही हीच बावीस वर्षे काढावी लागतात आणि त्या काळात त्याच्या घरी पगार येत नाही. विलंब हा न्यायव्यवस्थेचा दोष होय. तो कामगाराच्या संरक्षणाचा दोष म्हणून दाखवणे ही तर्काची चूक आहे.

७. श्रम संहितांनी काय साधले?

२९ केंद्रीय कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. त्यांतील काही तरतुदी निश्चितच स्वागतार्ह आहेत. प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले. नोकरी सुटल्यावर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावयाचे आहे. मुदतबंद कर्मचाऱ्यास एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान मिळू शकते. विक्री प्रतिनिधींचा समावेश आता ‘कामगार’ या व्याख्येतच केला आहे.

मूळ प्रश्न मात्र कायम आहे. संहितांमध्ये ‘कामगार’ आणि ‘कर्मचारी’ असे दोन शब्द दोन अर्थांनी वापरले आहेत. व्यवस्थापक हा ‘कर्मचारी’ आहे, पण ‘कामगार’ नाही. ‘कामगार’ शब्दाची व्याख्या १९४७ च्याच साच्यातील असल्याने शिक्षक पूर्ववत बाहेर राहतो. कंत्राटी कामगारविषयक तरतुदी ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तरच लागू होतात. महाराष्ट्राने ही मर्यादा २० वरून ५० यापूर्वीच केली होती. गाभ्याच्या कामात कंत्राटी पद्धतीला मनाई आहे, परंतु त्याला अपवादही जोडलेले आहेत. त्यामुळे ‘गाभा’ कोणता, हा नवा वाद सुरू होईल.

कपातीपूर्वी शासनाची अनुमती घेण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांपर्यंत नेण्यात आली आहे. हे नवे पाऊल म्हणून सांगितले जाते. वास्तविक १९७६ मध्ये ही तरतूद प्रथम आली तेव्हा मर्यादा ३०० चीच होती. १९८२ च्या सुधारणेने ती १०० केली. म्हणजे पन्नास वर्षांनी कायदा आरंभबिंदूवर परतला आहे. पिरंगुट पट्ट्यातील लहान कारखान्यांना दोन्ही मर्यादा बहुधा लागूच पडत नाहीत. कायम कामगारांची संख्या मर्यादेखाली ठेवून उरलेले ठेकेदाराकडून घेणे मोठ्या कारखान्यांना अवघड नाही.

औद्योगिक संबंध संहितेने तीन केंद्रीय कायदे निरसित केले आहेत. राज्याचा १९७१ चा अधिनियम त्या तिहींत नाही. दोन्ही कायद्यांचे क्षेत्र जेथे एकमेकांवर येते तेथे कोणता चालणार, हा प्रश्न महाराष्ट्रातील प्रत्येक मनुष्यबळ विभागापुढे उभा आहे.

व्याख्या बदलता येत नाहीत, असे नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना उपदान अधिनियमाबाहेर ठरवले. संसदेने २००९ मध्ये ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या बदलली व तो बदल १९९७ पासून लागू केला. २०२२ मध्ये न्यायालयाने ही दुरुस्ती वैध मानली. एका शब्दाने हजारो शिक्षकांचा निवृत्तीसमयीचा हक्क गेला होता. एका शब्दानेच तो परत आला.

८. निष्कर्ष

१. मनुष्यबळ व्यवस्थापकाची कायदेशीर अडचण कायद्यांच्या संख्येपेक्षा व्याख्यांच्या विसंगतीतून अधिक निर्माण होते. प्रामाणिक मालकास ही विसंगती जाचक ठरते आणि अप्रामाणिक मालकास ती उपयोगी पडते.

२. हिंजवडीत पदनाम आणि पिरंगुट पट्ट्यात ठेकेदार ही एकाच कार्याची दोन साधने आहेत. दोन्हींमुळे माणूस कायद्याच्या कक्षेबाहेर जातो.

३. सुरक्षिततेच्या कायद्यांनी नाते व्यापकपणे ओळखले आहे. सेवेच्या हमीच्या कायद्यांनी ते संकुचित केले आहे. पहिल्या प्रकारची व्याख्या दुसऱ्यासही लागू व्हावयास हवी.

४. संहितांनी कायद्यांचे एकत्रीकरण केले, परंतु व्याख्यांचे एकत्रीकरण केले नाही.

९. शिफारशी

१. मालक-कामगार नाते वादग्रस्त असल्यास त्याचा निर्णय करण्याचा अधिकार राज्य अधिनियमाखालील न्यायालयांनाच देण्यात यावा आणि कंत्राट खरे आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असावा.

२. कामाचे वर्णन नियुक्तिपत्रात स्पष्ट लिहावे. पदनाम त्याच्याशी सुसंगत असावे.

३. वाणिज्य व व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात कामगार कायदा कलमांच्या यादीऐवजी निवाड्यांच्या आधारे शिकवला जावा. उद्याचे मनुष्यबळ व्यवस्थापक याच वर्गांतून बाहेर पडतात.

४. महाविद्यालय हेही नियोक्ता आहे. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धची २०१३ च्या अधिनियमानुसारची अंतर्गत समिती, तात्पुरत्या अध्यापकांच्या नेमणुका व ठेकेदारामार्फत येणारे सफाई आणि सुरक्षा कर्मचारी यांच्या बाबतीत संस्थांनी प्रथम स्वतःचा हजेरीपट तपासावा.

चांदणी चौकातून रोज सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या उत्तरेस आणि ठेकेदारांचे टेम्पो पश्चिमेस जातात. दोन्हींत बसलेली माणसे काम करावयासच निघालेली असतात. त्यांना कोणत्या नावाने ओळखावे, एवढे तरी कायद्याने एकदा निश्चित करावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.